नोराबाईच्या खोलीचा सौदा

राजेश्वरीला आयर्लंडातल्या कॉर्क नावाच्या शहरात दूध-दुभत्याचं मोठं शिक्षण घ्यायला प्रवेश मिळाला. व्हिसाचं जमलं, विमानाचं तिकीट निघालं, बॅगा आल्या, लोणच्याची बरणी आली. राहायला तेवढी खोली नव्हती. विद्यापीठाचं वसतिगृह तिचा अर्ज पोचायच्या आत भरलं होतं आणि बाहेर एकेका खोलीमागं जगभरची पोरं रांग लावून उभी होती. बिचारी रोज सकाळी अंथुर्णे गावातल्या आपल्या ओसरीवर बसून तिकडच्या घरमालकांना गोड इंग्रजीत निरोप धाडायची, आणि संध्याकाळपर्यंत कुणी त्याला हुंगूनही बघायचं नाही. त्यात तिच्या आईनं, कुशाबाईनं, फर्मान काढून ठेवलेलं.

“पोरगी रातच्याला कुठं पाठ टेकणार, ते मला या डोळ्यांनी दिसल्याबिगर ती इमानात बसायची न्हाय. तिकीट घाला चुलीत.”

“आई, तिकीट मोबाईलमध्ये आहे.”

“मग मोबाईल घाला चुलीत.”

श्रावण निम्मा सरला तेव्हा कुठं एका बाईचं उत्तर आलं. नाव नोरा. घरात एकटीच राहते, वरची खोली रिकामी आहे, व्हिडिओ कॉलवर दाखवते, आवडली तर बघू. राजेश्वरी आनंदानं ओरडली आणि तिथंच तिचं चुकलं, कारण ओरडणं गोठ्यात धार काढत असलेल्या तिच्या वडलांनी ऐकलं.

गेणबातात्या हे जनावरांतले मोठे जाणकार. आसपासच्या गावांत कुणाला गाय घ्यायची असो की म्हैस, बारामतीच्या बाजाराला निघताना तात्यांना गाडीत घातल्याशिवाय गाडी हलत नसे. त्यांचं शास्त्र सोपं होतं. जे जनावर मनात भरलं, त्याला मालकाच्या तोंडावर इतकी नावं ठेवायची, की आपण दावणीला म्हैसच बांधलीय ना, असं मालकानं वाकून बघावं. मग पाठ फिरवून चालू लागायचं. फाटकापर्यंत जायच्या आत मालक मागनं हाक मारतो म्हणजे मारतोच. ज्या जनावराचं तात्यांनी तोंडभरून कौतुक केलं, ते त्यांना नको असायचं.

ही खोड हळूहळू हाडात गेली. कुशाबाईला बघायला गेले तेव्हा भरल्या बैठकीत ते सासऱ्याला म्हणाले होते, “पोरगी ठेंगणी हाय,” आणि त्याच बैठकीत सुपारी फोडून मोकळे झाले. राजेश्वरी तालुक्यात पहिली आली, पेपरात फोटो आला, तर तात्यांनी फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला आणि म्हणाले, “छपाई बरी न्हाय.” घरानं या माणसाकडून चांगल्या शब्दाची आशा कधीच सोडून दिली होती.

“खोलीचं बोलणं मी करणार,” तात्यांनी जाहीर केलं. “व्यवहार हाय. पोरासोरांचं काम न्हाय.”

“तात्या, ती म्हैस नाही. नुसती खोली बघायचीय. मी दोन मिनिटं बोलते आणि हो म्हणते.”

“हो म्हणती! आगं, हो म्हणलं की मेलं माणूस. अमीरभाईला बोलवा.”

अमीरभाई हे तात्यांचे बाजारातले जोडीदार. शेळ्यांचा व्यापार करायचे. त्यांचा भाचा साद दुबईला होता, त्यामुळं समुद्रापलीकडच्या सगळ्या गोष्टी अंथुर्ण्यात त्यांच्याच अखत्यारीत येत. ते इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून आले. व्हिडिओ कॉलला अत्तर कशाला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दुपारी चारला कॉल लागला. पडद्यावर पांढऱ्या केसांची, लाल गालांची नोराबाई आली. तिला एक मुलगी दिसेल असं वाटलं होतं. दिसले ते दोन बापे, मध्ये अंग चोरून बसलेली मुलगी आणि मागं भिंतीला टेकून, कमरेवर हात ठेवून उभी असलेली कुशाबाई. नोराबाई जरा दचकली, पण माणूस चांगली. फोन हातात घेऊन जिना चढली आणि खोली दाखवू लागली.

खोली खरोखर गोड होती. उतरत्या छपराखाली पलंग, कोपऱ्यात टेबल, भिंतीला फिकट निळा रंग. नोराबाईनं खिडकी उघडली. खाली बाग, बागेपलीकडं हिरवंगार कुरण, आणि कुरणात निवांत चरणाऱ्या काळ्या-पांढऱ्या गाई. एकेकीची कास अशी, की तात्यांचा श्वास अडकला. याच खिडकीत बसून पोरगी अभ्यास करील, मान वर केली की गाई दिसतील, घरची आठवण आली तरी सोसवेल. खोली तात्यांच्या मनात भरली. आता नावं ठेवणं भागच होतं.

“सांग तिला, छप्पर लई खाली हाय. माणूस झोपंतनं उठला की टाळकं फुटंल.”

“तात्या!”

“सांग.”

राजेश्वरीनं नोराबाईला गोड हसून सांगितलं, की वडलांना खोलीची रचना फार वेगळी वाटली. पण तात्या काही अगदीच अंगठेबहाद्दर नव्हते. आपल्या तिखटाला लेकीनं गूळ लावलाय हे त्यांनी नोराबाईच्या हसण्यावरून ओळखलं आणि लॅपटॉपसमोर स्वतःच सरसावले.

“मॅडम! रूफ लो. व्हेरी लो. विंडो स्मॉल. कॉट ओल्ड.”

नोराबाईचं हसू मावळलं. तिनं छपराकडं बघितलं, मग पलंगाकडं. ती अपराधी आवाजात काहीतरी पुटपुटली.

“भावात उतरतीया,” अमीरभाई कुजबुजले. दोघांनी बाजारातल्या सवयीप्रमाणं उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरली होती आणि कुठल्या खोटीनंतर कुठली काढायची, हे अमीरभाई दाबून सुचवत होते. पलीकडं नोराबाईला एवढंच दिसत होतं, की दोन मिशाळ पुरुष फडक्याखाली हात घालून बसलेत आणि खोलीवर चिडलेत.

“वॉल वेट,” तात्या म्हणाले. “हे काळं काय हाय कोपऱ्यात? वॉल व्हेरी वेट.”

नोराबाई कोपऱ्याशी गेली, हात लावून बघितला. ओल होती. तिचे लाल गाल आणखी लाल झाले.

“आता उठा,” अमीरभाई म्हणाले.

तात्या उठले. “नो नीड,” असं म्हणून त्यांनी राजेश्वरीच्या डोळ्यांदेखत लॅपटॉप मिटला आणि हात झटकले. “घाबरू नगंस. फाटकापर्यंत गेलो न्हाय तवर हाक मारती का न्हाय बघ.”

हाक आली नाही. चहा झाला, दुसरा चहा झाला, गाईंच्या धारा झाल्या. दिवेलागणीला राजेश्वरीच्या फोनवर निरोप आला आणि तो तिनं दात ओठ खात मोठ्यानं मराठीत वाचून दाखवला. नोराबाईनं लिहिलं होतं, तुमच्या वडिलांचं अगदी बरोबर आहे. मी रोज बघत असल्यामुळं माझ्या लक्षात आलं नव्हतं. अशी खोली कुणाच्याही मुलीला देणं योग्य नाही. ओल काढेपर्यंत मी ती कुणालाच देणार नाही. तुमचा वेळ घेतला, माफ करा.

तात्यांनी टोपी मागं सारली.

“म्हंजे तिनं खरंच मानलं?” तात्यांनी विचारलं. त्यांच्या उभ्या आयुष्यात असा मालक त्यांना भेटला नव्हता.

“आवो, तुमाला अवदसा आठवली व्हती का?” कुशाबाई कडाडली. “बाई बिचारी गरिबागत खोली दाखवतीया, आन् तुमी तिला म्हशीगत टोचून बघताय!” राजेश्वरी ताडकन उठली. ती आत गेली आणि दार लावून घेतलं, आणि त्याचं तात्यांना बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

लागलं म्हणूनच पुढची भानगड झाली. राजेश्वरी कागदपत्रांसाठी बारामतीला गेली, तो दिवस साधून दोघा जोडीदारांनी झालेली चूक निस्तरायची ठरवली. अमीरभाईंनी फेसबुकवर डेव्हिड नावाचा एक घरमालक शोधून काढला. खोलीचे फोटो बघून दोघांचे डोळे दिपले. एवढी मोठी खोली, एवढा मोठा पलंग, खिडकीत समुद्र. फोन लावला. डेव्हिड म्हणाला, मी सध्या परगावी आहे, पण खोली तुमचीच समजा.

तात्यांनी भीत भीत एक खोट काढली. डेव्हिडनं भाडं उतरवलं. तात्यांनी दुसरी काढली. आणखी उतरलं. तात्यांना कंठ फुटला. समुद्र फार जवळ आहे म्हणाले, उतरलं. समुद्र खारा असतो म्हणाले, तरी उतरलं.

“अमीरभाई, ह्याला म्हणत्यात मालक!” तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आपली कला कळती ह्याला.”

आगाऊ पैसे लगेच धाडा, असं डेव्हिड म्हणत होता. पण त्या दिवशी अमावास्या होती आणि अमावास्येला बयाणा द्यायची तात्यांच्या घरात रीत नव्हती. उद्या देतो म्हणाले. बाकी सगळं ठरलं, आणि ठरलं म्हटल्यावर अमीरभाईंना दम निघेना.

संध्याकाळी राजेश्वरी एसटीतून स्टँडवर उतरली, तर समोर तिला आपलंच तोंड दिसलं. आधार कार्डावरचा तिचा फोटो फुगवून फ्लेक्सच्या कोपऱ्यात लावला होता आणि मधोमध गॉगल घातलेले, कानाला मोबाईल लावलेले अमीरभाई हसत होते. वर मोठ्या अक्षरांत होतं, ‘अंथुर्णे गावची कन्या कु. राजेश्वरी हिला आयर्लंड देशात समुद्रकिनारी स्वतंत्र खोली मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : अमीरभाई मित्रमंडळ.’ ती ते वाचेपर्यंत कंडक्टरनं एसटीच्या दारातून तिचं अभिनंदन केलं.

ती तरातरा घरी आली. ओसरीवर पेढे वाटणं चाललं होतं.

“कुठली खोली? कुणी बघितली?”

“फोटू हायेत की,” अमीरभाई म्हणाले.

“फोटू मला नगं,” कुशाबाई पुढं झाली. “लावा त्या डेव्हिडला. खोलीत फिरून दावा म्हणावं. आन् आधी मोरी दावा.”

डेव्हिडला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं तो घेतला नाही, साधा फोन केला. राजेश्वरीनं विचारलं, खोली दाखवता का. तो म्हणाला, चावी भावाकडं आहे. मग भावाला सांगा. तो म्हणाला, भाऊ आजारी आहे. कुशाबाईनं मागनं आवाज टाकला, “त्याला म्हणावं, निदान तुजं तोंड तरी दाव!” यावर डेव्हिडनं जो फोन ठेवला, तो पुन्हा लागला नाही. राजेश्वरीनं तेच फोटो शोधून काढले तेव्हा ती खोली भलत्याच देशातल्या एका हॉटेलातली निघाली.

“तरीच,” तात्या खोल आवाजात म्हणाले, “माल त्याचा असता तर भाव एवढा उतरलाच नसता.”

“हे आधी सुचायचं,” कुशाबाई म्हणाली आणि पेढ्यांचा पुडा उचलून आत गेली.

खोली गेली, पण फ्लेक्स राहिला. बारामती-इंदापूर रस्त्यानं जाणारायेणारा प्रत्येक जण तो वाचत होता. वडगाव निंबाळकरचे पाहुणे गाडी थांबवून अभिनंदन करून गेले. माळेगावहून तात्यांच्या मेहुण्याचा फोन आला, की आमच्या रविराजचं पुढच्या साली बघायचंय, त्याच आळीत एखादी खोली धरून ठेवा. फ्लेक्स उतरवावा, तर का उतरवला म्हणून गाव विचारणार. ठेवावा, तर रोज त्याच्याखालून मान खाली घालून जायचं. तात्या डेअरीला दूध घालायला बांधाबांधानं जाऊ लागले.

पण खरा घोर फ्लेक्सचा नव्हता. राजेश्वरी उघडी बॅग भरायची थांबली होती. घरात कुणी काही बोललं की “हो”, “बरं”, एवढंच म्हणायची. तिकिटाची तारीख दाराशी आली होती आणि कुशाबाईचं फर्मान जागच्या जागी होतं. पोरगी गेली नाही तर ती आपल्या जिभेपायी गेली नाही, हे तात्यांना गोठ्यात, रानात, जेवताना, सगळीकडं कळत होतं. शेवटी एका दुपारी ते धुतलेली टोपी घालून ओसरीवर येऊन बसले.

“नोराबाईला लाव,” ते म्हणाले.

अमीरभाई हबकले. “तात्या, नावं ठिवून सोडलेल्या जनावराकडं परत जायाचं? बाजारात तोंड दावायला जागा ऱ्हायची न्हाय.”

“न्हाय ऱ्हायली तर न्हाय ऱ्हायली. तुमी उपरणं खाली ठिवा.”

नोराबाईनं कॉल घेतला. तात्यांना बघून ती आधीच माफी मागू लागली. ओल काढली म्हणाली, पलंगही बदलला, छप्पर मात्र वर उचलता येत नाही. तात्यांनी हात जोडले.

“मॅडम, रूफ गुड. विंडो गुड. कॉट गुड. आय टेल लाय.”

नोराबाई गोंधळली. मग खोटं कधी बोलत होतात, तेव्हा की आता? राजेश्वरीनं तिला सगळं उलगडून सांगितलं. आमच्याकडं बाजाराची अशी रीत आहे, वडलांना खोली फार आवडली होती, म्हणूनच ते एवढं वाईट बोलले. मग नोराबाईनं एक विचारलं आणि ते राजेश्वरीनं चाचरत मराठीत सांगितलं.

“त्या म्हणतात, मग आता मी तुमच्या शब्दावर विश्वास कसा ठेवू? तुम्ही मला तुमची मुलगी देताय, मी तिला ओळखत नाही. तिची एक तरी खोट खरी खरी सांगा. खोट सांगितलीत तर समजेन, की माणूस आता खरं बोलतोय.”

अमीरभाईंनी निःश्वास सोडला. काम सोपं झालं होतं. खोटी काढण्यात तात्यांचा हात धरणारा दोन तालुक्यांत कुणी नव्हता.

तात्यांनी घसा साफ केला. राजेश्वरीकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत, जसं ते आजवर शेकडो जनावरांकडं बघत आले होते. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

“सांगा की,” अमीरभाई म्हणाले.

“न्हाय,” तात्या म्हणाले. “काय बी खोट न्हाय. सांग तिला. माज्या पोरीत काय बी खोट न्हाय.”

हे सांगणं राजेश्वरीच्या आवाक्याबाहेर होतं. तिला रडू फुटलं, तेही साधं नाही, चांगलं हुंदके देऊन. पडद्यावर बाप टोपी काढून खाली मान घालून बसलेला आणि मुलगी ओक्साबोक्शी रडतेय, हे बघून नोराबाईचा चेहरा पांढरा पडला. मुलीची काहीतरी भयंकर भानगड दिसतेय, असं तिला वाटलं असल्यास नवल नाही. ती घाईघाईनं म्हणाली, राहू दे, राहू दे, पुन्हा कधीतरी बोलू.

तेवढ्यात कुशाबाई चुलीपासून उठली. पदराला हात पुसत आली, नवऱ्याला खांद्यानं बाजूला सारलं आणि लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली.

“थांबा बाई. ह्यांस्नी काय ठावं? बाजारात असत्यात दिवसभर. खोटी मी सांगती. राजे, सांग तिला. सूर्य डोक्यावर आल्याबिगर उठत न्हाय.”

“आई!”

“सांग म्हणती न्हवं! चहा जितं पिती तितं कप सोडती, पार मुंग्या लागोस्तर. वला टावेल गादीवर टाकती. मोरीत केस. भाकरी केली तर नकाशा. बोलाय लागली तर थांबत न्हाय, आन् रुसली तर तीन दिस बोलत न्हाय, आता बी बगा, आठवडा झाला फुगलीया. हरवायला तर देवानं हात दिल्यात तिला, छत्री म्हणू नगा, चप्पल म्हणू नगा…”

नाक पुसत, हुंदके देत, मध्येच “हे खोटं आहे” असं इंग्रजीत आपल्या पदरचं घालत राजेश्वरीनं स्वतःचं हे वर्णन पुरं केलं. ओल्या टॉवेलापाशी नोराबाईच्या तोंडाचा कोपरा हलला. भाकरीच्या नकाशापाशी, भाकरी म्हणजे काय हे कळून घेऊन, ती हसू लागली. छत्रीपर्यंत ती पलंगावर बसून डोळे पुसत होती. माझी मुलगीही अशीच आहे म्हणाली, ऑस्ट्रेलियात असते, ही खोली तिचीच. इथून गेली त्या दिवशीचा ओला टॉवेल मी अजून टेबलापाशीच्या खुर्चीवरून काढलेला नाही. पाठवा तुमचीला.

कुशाबाईला ते मराठीत सांगितलं, तेव्हा ती पडद्याजवळ सरकली. “तिला म्हणावं, रुसली तर मनवू नगा,” ती म्हणाली. “भूक लागली की येती आपसूक.” मग तिनं खोली पुन्हा एकदा नीट बघून घेतली, मोरीसकट, आणि मान डोलावली.

कॉल संपला. राजेश्वरी बॅग भरायला आत पळाली. अमीरभाई खुशीत उठले. स्टँडवरचा फ्लेक्स आता बसल्या जागी खरा झाला होता. ‘समुद्रकिनारी’ या शब्दावर गाईचं चित्र चिकटवलं की भागत होतं. कुशाबाईनं त्यांच्या हातावर उरलेल्यातला पेढा ठेवला. तात्या मात्र टोपी हातात घेऊन तसेच काळ्या पडद्यासमोर बसून होते.

“काय तात्या, आता तरी बोला. खोली कशी हाय?” अमीरभाईंनी विचारलं.

“खोली लाखात एक हाय,” तात्या म्हणाले. “फकस्त लांब हाय. लई लांब हाय.”

“आता कशाला नावं ठिवताय?” कुशाबाई त्यांच्याजवळ टेकत हळूच म्हणाली. “सौदा झाला की.”

“न्हाय गं,” तात्या म्हणाले. “ही खोट खरी हाय.”